पक्षी म्हणायचा, खिडकी खोलो

भुताखेतांची मला भीती कधीच नव्हती, कंटाळा मात्र होता. हळदीकुंकवाला चार बायका जमल्या की एकीच्या तरी चुलतसासूला पांढऱ्या साडीतली बाई दिसलेली असायची, आणि मी आपली हातातले हरभरे खात जांभया आवरत बसायची. झूलॉजी घेऊन बी.एस्सी. झालेली, तीन गावांच्या तीन शाळांत पोरांना बेडूक फाडायला शिकवलेली बाई मी... माझा कुठून विश्वास बसणार? आजही बसत नाही. तरी तुमच्या सदराला हे लिहून पाठवतेय, कारण वय झालं आणि ही एक गोष्ट एकटीने सांभाळायचा आता खरंच थकवा येतो.

साल १९७३. आमचे हे केंद्र सरकारच्या नोकरीत. नऊ वर्षांत चौथी बदली, कलकत्त्याला. यांची नोकरी यांच्याबरोबर यायची, माझी नोकरी प्रत्येक वेळी मागच्या गावात राहायची. कलकत्त्याला आलो तेव्हा मी छत्तीस वर्षांची होते आणि नवीन शाळेत अर्ज करायचंसुद्धा त्राण उरलेलं नव्हतं. घर मिळालं ढाकुरियाला, स्टेशनपासून दहा मिनिटांवर, एका गल्लीच्या टोकाला. दुमजली घर. तळमजला आमचा, वर घरमालकीणबाई एकट्या. त्यांना सगळी गल्ली माशीमा, म्हणजे मावशी, म्हणायची, म्हणून आम्हीही. घरामागे छोटीशी बाग, आंब्याचं एक झाड, जामरूलचं एक, लिंबू. बागेला पुरुषभर उंचीची भिंत आणि भिंतीपलीकडे पायवाट, मग तळं. भिंतीत मागच्या बाजूला जायचं एक लाकडी दार होतं, पण त्यावर आतून आडव्या फळ्या ठोकलेल्या आणि वर वेल चढलेला. मी त्या दाराला भिंतच धरून चालले होते.

त्या उन्हाळ्यात मी फोटो काढायला लागले. दिरांचा जुना, दोन भिंगांचा, वरून वाकून बघायचा कॅमेरा घरात पडून होता. त्यात डावं उजवीकडे दिसतं आणि उजवं डावीकडे, त्यामुळे चतुर इकडे उडाला की मी तिकडे वळायची. किड्यांसाठी माझी एक युक्ती होती. सासऱ्यांचं पोथी वाचायचं भिंग आधी कॅमेऱ्याच्या वरच्या डोळ्यासमोर धरून फोकस करायचं, मग तेच खालच्या डोळ्यासमोर सरकवायचं आणि श्वास रोखून बटण दाबायचं. तेवढ्यात किडा पसार व्हायचाच. रोलमध्ये बारा फोटो, त्यातले दोन जमले की मी खूश. लिंबावरचे सुरवंट, तळ्यावरचा खंड्या, दयाळ, तांबट... एका वहीत तारीख, वेळ, जागा असं सगळं टिपून ठेवायचं. एकदा हे मला रविवारी सॉल्ट लेकला घेऊन गेले. तेव्हा ती नुसती वाळू टाकलेली ओसाड जागा होती, तिथे टिटव्या होत्या. परत आल्यावर दोन दिवस हे कानातली वाळू काढत होते आणि मला ‘पक्षीणबाई’ म्हणत होते.

माशीमांना माझा हा उद्योग आवडायचा. साठीच्या, बारीक, सदा हळू आवाजात बोलणाऱ्या. मला ‘बौमा’ म्हणायच्या, म्हणजे सूनबाई. माझं बंगाली सुधारायचं त्यांनी मनावरच घेतलं होतं. अडलं की मी हिंदी शब्द घालायची, की लगेच त्या हसून म्हणणार, “हिंदी मिशियो ना, बौमा!” हिंदीची भेसळ नको. मीही मास्तरीणच, मला ते पटायचं. एकेक हिंदी शब्द वेचून काढून त्या जागी बंगाली शब्द बसवायची सवय मी जिभेला लावून घेतली.

त्यांना दोन मुलं. मोठे स्वपनबाबू दुर्गापूरला कारखान्यात इंजिनियर. धाकटा तपू, चोवीस वर्षांचा. त्या काळात कलकत्त्यात किती घरांतली शिकलेली मुलं राजकारणापायी घर सोडून गेली होती, ते त्या वेळी तिथे राहिलेल्यांना सांगायला नको. तपू दोन वर्षांपूर्वी गेला होता. सुरुवातीला अधूनमधून चोरून यायचा, भात खाऊन परत जायचा, मग तेही बंद झालं. पत्र नाही, निरोप नाही. स्वपनबाबू दर महिन्याला येऊन आईला एकच सांगायचे, घर भाड्याने देऊन टाक आणि दुर्गापूरला चल. आणि माशीमा एकच उत्तर द्यायच्या, “तपूला हाच पत्ता माहीत आहे रे.” शेवटी त्यांच्यात ठरलं, रथयात्रेपर्यंत वाट बघायची. तोवर तपू आला नाही तर माशीमा घर सोडणार. त्यांचा सगळा उन्हाळा हा असा मुदतीवर चाललेला होता. चैत्रात त्यांनी मुलांसाठीचा नीलषष्ठीचा कडक उपास केला. मला म्हणाल्या, एकाचं पोट भरलेलं मला दिसतं बौमा, दुसऱ्याचं दिसत नाही.

आता त्या पक्ष्याबद्दल.

आपल्याकडे पावशा ‘पेरते व्हा’ म्हणतो, तोच पक्षी बंगालात ‘चोख गेलो’ म्हणतो, म्हणजे माझा डोळा गेला. आपल्याकडे त्याला शेताची काळजी, तिकडे गेल्यावर डोळ्याची... हे मला माशीमांनीच सांगितलं होतं. त्याचा एक भाऊबंद आहे, चार सुरांत ओरडणारा. त्याला बंगाली लोक म्हणतात ‘बौ कथा कओ’, सूनबाई, बोल की. पोइला बैशाखला, म्हणजे बंगाली वर्षाच्या पहिल्या दिवशी, दुपारी माशीमांनी दिलेली संदेश मिठाई खाऊन मी बागेत बसले होते. तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. भिंतीकडून चार सूर आले, आणि मला ते ‘बौ कथा कओ’ असे ऐकूच आले नाहीत. मला ऐकू आलं, खिडकी खोलो. अगदी स्पष्ट. दमलेल्या माणसाने दबक्या आवाजात म्हणावं तसं. खिडकी खोलो.

मला हसूच आलं. संध्याकाळी यांना सांगितलं तर हे म्हणाले, “चार सुरांत कुठलेही शब्द बसतात. उद्या तो ‘पक्षीणबाई, चहा टाका’ म्हणेल.” बरोबरच होतं ते. पण एक गोष्ट मला खटकत होती. हा पक्षी झाडाच्या शेंड्यात बसून ओरडतो, आणि हा आवाज खालून यायचा. भिंतीपलीकडून, माणसाच्या उंचीवरून. रोज नाही, पण आला की तीन-दहाच्या सुमारास. माझ्या वहीत पुढच्या सात आठवड्यांत तशा एकोणीस नोंदी आहेत. त्याचा फोटो मिळावा म्हणून मी जिद्दीला पेटले. भिंतीच्या दिशेने दोन अख्खे रोल वाया घालवले. एकदा वळसा घालून तळ्याच्या पायवाटेवरही जाऊन उभी राहिले, तर त्या दिवशी चिडीचूप.

फोटोंत काही दिसतं का, असं तुम्ही विचारणारच, म्हणून आधीच सांगते. काहीही दिसत नाही. भिंत, वेल, पानं. स्टुडिओवालासुद्धा निगेटिव्ह उजेडात धरून म्हणाला, दीदी, यात तर काहीच नाही.

पक्षी ऐकला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी वर जाऊन मोठ्या कौतुकाने माशीमांना सांगितलं होतं, की तुमचा पक्षी माझ्याशी बोलतो. काय म्हणतो? त्यांनी विचारलं. आणि मी शहाणीने, हिंदीची भेसळ नको म्हणून, खिडकीला बंगालीत जे म्हणतात तो शब्द आठवून घातला. मी म्हटलं, “म्हणतो, जानला खोलो!”

माशीमा हसल्या. म्हणाल्या, मग उघडायला हवी.

आणि त्यांनी खरंच उघडली. कलकत्त्याच्या वैशाखात दुपारी सगळं शहर खिडक्यांच्या हिरव्या झडपा लावून काळोखात पडून असतं. माशीमा मात्र रोज तीन वाजता वरच्या खोलीची खिडकी सताड उघडून तिच्यापाशी बसायला लागल्या. ती खिडकी रस्त्याकडची. तिथून मागची बाग दिसतही नाही. मी म्हटलं, अहो, गरम वारा लागेल, गंमत केली मी. तर म्हणायच्या, “असू दे ग, कोणीतरी काहीतरी मागितलं, तेवढं तरी देते.” दोनदा त्यांना ताप भरला. तरी खिडकी उघडायच्याच. पण तो आवाज त्यांना कधी ऐकू आला नाही. यांनाही नाही. रविवारी हे माझ्याशेजारी खुर्ची टाकून बसले, तेव्हा मी ऐकला आणि यांनी नाही. हे पेपर वाचत होते, म्हणून मी सोडून दिलं.

ज्येष्ठ अर्धा सरला तसा आवाज थांबला. या पक्ष्यांचा हंगाम तसा संपतच येतो, त्यामुळे मला नवल वाटलं नाही. वहीत शेवटची नोंद करून मी चतुरांच्या मागे लागले.

त्यानंतर आठवड्याभराने एक तरुण आमच्या दारात आला. निखिल नाव सांगितलं, तपूचा मित्र. चप्पल धुळीने भरलेली. माशीमा आहेत का, एवढंच त्याने विचारलं, पण त्याच्या चेहऱ्यावरून मला कळलं आणि मी त्याला एकट्याला वर जाऊ दिलं नाही. पाण्याचा तांब्या घेऊन त्याच्या मागोमाग गेले. लोडशेडिंग होतं, पंखा बंद. माशीमा खिडकीजवळच बसल्या होत्या. त्यांनी त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, “बस. सांग.”

त्याने सांगितलं. वीरभूममधल्या एका खेड्यात ते दोघं लपून होते. तपूला टायफॉइड झाला. डॉक्टर आणायची सोय नव्हती, धीरही नव्हता. चैत्र संक्रांतीला, म्हणजे बंगाली वर्षाच्या शेवटच्या दिवशी, दुपारी तो गेला. निखिल म्हणाला, शेवटचे दोन दिवस त्याला वाटत होतं की तो घरीच आलाय. कोणाला ऐकू जाऊ नये अशा दबक्या आवाजात सारखं एकच म्हणत होता, “मा, खिडकी खोलो... खिडकी खोलो.”

माझ्या हातातला तांब्या तसाच राहिला. पण मी अजूनही मराठीतच ऐकत होते. मला वाटलं, कोंदट खोली असेल, बिचाऱ्याला वारा हवा असेल. मी जरा चिडूनच म्हटलं, मग उघडायची होती ना तुम्ही ती खिडकी!

तो गोंधळला. मग घराच्या मागच्या बाजूला हात करून म्हणाला, “ना दीदी, जानला नाही. खिडकी म्हणजे मागचं दार. तळ्याकडचं. तपू नेहमी तिकडूनच यायचा ना.”

बंगालीत खिडकी म्हणजे मागचं दार. एवढी बंगाली शिकले आणि हा शब्द मला कधी कोणी सांगितला नव्हता. सांगणार कसा? ते दार स्वपनबाबूंनी फळ्या ठोकून बंद केलं होतं, चोरून येणं-जाणं बंद व्हावं म्हणून, आणि तेव्हापासून त्या घरात त्या दाराचं नाव कोणी काढत नव्हतं.

माशीमा रडल्या नाहीत. त्यांनी माझ्याकडे मान वळवली. “बौमा, तो पक्षी नेमकं काय म्हणायचा? जानला म्हणायचा?”

खोटं बोलावं असं मनात आलं, हे कबूल करते. पण मला ते जमलं नाही. मी म्हटलं, नाही माशीमा. तो खिडकी म्हणायचा. जानला मी म्हटलं.

मग त्यांनी विचारलं, “कधीपासून?” मी म्हटलं, पोइला बैशाखपासून. म्हणजे संक्रांतीच्या दुसऱ्या दिवसापासून. सात आठवडे तो भिंतीपलीकडून सांगत होता, मी ऐकत होते, आणि त्यांच्यापर्यंत मी भलताच शब्द पोचवत होते. माशीमा रस्त्याकडची खिडकी उघडून ऊन अंगावर घेत बसल्या होत्या आणि मागचं दार खिळे ठोकून बंद. मला त्या क्षणी मरून जावंसं वाटलं. हे नंतर खूप समजूत घालत राहिले, योगायोग आहे, तुझी काय चूक... पण चूक होतीच माझी. आजही आहे.

आम्ही तार केल्यावर स्वपनबाबू आले. त्यांनी धाकट्या भावाचे जे काय विधी करायचे ते केले, आईचं सामान बांधलं. निघायच्या आदल्या दिवशी माशीमांनी त्यांच्याकडे एकच मागितलं, मागचं दार मोकळं कर. ज्या माणसाने फळ्या ठोकल्या त्यानेच त्या काढल्या. शेवटची फळी काढून त्यांनी हातोडी तिथेच टाकली आणि ते वर निघून गेले, खाली आलेच नाहीत.

मग माशीमा माझ्याकडे आल्या. नेहमीच्याच हळू आवाजात म्हणाल्या, “बौमा, मी तो आवाज ऐकलाच नाही. तू ऐकलास. तू बाहेर जाऊन तसं म्हणशील? एकदाच. मला आतून दार उघडायचंय.”

नाही कसं म्हणणार? मी दुपारी गल्लीतून वळसा घालून तळ्याच्या पायवाटेला गेले. तीन वाजले होते. माशीमा आत, दाराच्या कडीवर हात ठेवून उभ्या असणार. पायवाटेवर कोणी नव्हतं. तळ्याच्या पलीकडच्या काठाला एक बाई भांडी घासत होती, तेवढीच. मी दारासमोर उभी राहिले. सकाळपासून मनात पन्नासदा म्हणून बघितलं होतं, दोनच तर शब्द. तोंड उघडलं आणि घशातून आवाजच निघेना. एका आईला तिच्या मेलेल्या मुलाच्या आवाजात हाक मारायची... कोण मी? पुन्हा प्रयत्न केला. नुसती हवा. परत फिरावं आणि सांगावं, माशीमा, मला नाही जमत, असं ठरवून मी एक पाऊल मागे घेतलं.

तेवढ्यात आतून कडी सरकली आणि दार उघडलं.

माशीमा माझ्याकडे बघत नव्हत्या. माझ्या जरा डावीकडे, थोडं वर, उंच माणसाच्या चेहऱ्याकडे बघावं तशा बघत होत्या. चेहरा रागावल्यासारखा, आणि डोळ्यांतून धारा. म्हणाल्या, “एतो देरी कोरली?” इतका उशीर केलास? मग दाराच्या एका बाजूला सरकून उभ्या राहिल्या, वाट दिली. म्हणाल्या, “आय. भात आछे.” ये, भात आहे.

मी जागची हलले नाही. अंगावर काटा वगैरे आला नाही, वाराही सुटला नाही, तसलं काही सांगून मला गोष्ट रंगवायची नाही. रणरणतं ऊन होतं आणि माझी साडी पाठीला चिकटली होती.

थोड्या वेळाने त्यांनी डोळे पुसले, मला हाताला धरून आत घेतलं आणि दार तसंच उघडं ठेवलं. माझ्या गालावर हात फिरवून म्हणाल्या, “खूब भालो बोलले, बौमा. अगदी त्याचाच आवाज. दोनदा म्हणायचा तो, दोनदाच म्हणालीस.”

मी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी त्या दुर्गापूरला गेल्या. पुढे तीन-चार वर्षं पत्रं यायची, मग आमची बदली झाली आणि तीही थांबली. यांना मी सगळं सांगितलं, तेव्हा यांनी खूप विचार करून म्हटलं होतं, तू पुटपुटली असशील, तुझ्या लक्षात आलं नसेल. असेलही. मी पन्नास वर्षं या एका वाक्यावर भागवून नेलं, पण ते मला कधी पुरलं नाही. मी शास्त्र शिकलेली बाई आहे. माझ्या घशातून त्या दुपारी आवाज निघाला नव्हता, हे मला पक्कं माहीत आहे. सबंध उन्हाळा मी ऐकलं आणि त्यांनी नाही, आणि त्या एका दुपारी त्यांनी ऐकलं आणि मी नाही. याचा अर्थ काय लावायचा तो तुम्ही लावा, मला लावता आलेला नाही.

मी काहीच म्हटलं नव्हतं, हे मात्र माशीमांना मी कधीच कळवलं नाही.